आधी सांगा, विरघळवून करायचंय काय?

या महिन्याच्या टपालात एक गंमत झाली. चार पत्रं चार ठिकाणांहून आली, लिहिणारे एकमेकांना ओळखत नाहीत, आणि चौघांच्याही तक्रारीचं मूळ एकच: अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा, आणि त्यांचं विरघळणं. त्यातल्या एकाला तर आपण अमिनो आम्लाबद्दल विचारतोय हेही ठाऊक नाही. म्हणून या वेळचा कोपरा त्यांनाच दिला. साबणाच्या फेसाचं विचारणाऱ्या हडपसरच्या आजोबांनी महिनाभर थांबावं.

प्रश्न : मी एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी बटाट्याच्या सालीतून टायरोसिनेज हे एन्झाइम काढलंय. त्याच्यासाठी एल-टायरोसिन या अमिनो आम्लाचं एका मिलिलिटरला १० मिलिग्रॅम असं स्टॉक (साठ्याचं दाट द्रावण) करायचंय. पाण्यात घातलं तर वर तरंगतं, नाहीतर तळाशी बसतं. इथेनॉल झालं, अ‍ॅसिटोन झालं, शेवटी मैत्रिणीच्या लॅबमधून डीएमएसओ (डायमिथिल सल्फॉक्साइड) हे द्रावक मागून आणलं, तेही वाया गेलं. रचनेत बेंझीनचं कडं आहे, म्हणजे सेंद्रिय द्रावकात जायला हवं ना? गाइड म्हणतात, लिटरेचर बघ. कोणतं द्रावक वापरू? — एक विद्यार्थिनी, कोथरूड

उत्तर : अगं, तुझ्या सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, फक्त लिटरेचरमध्ये काय शोधायचं ते सांगायचं राहिलं. तू द्रावकांची यादी घेऊन बसलीस. पीएचकडे, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा किती अल्कली आहे याकडे, मात्र एकदाही बघितलं नाहीस.

बेंझीनच्या कड्याने तुला फसवलं. कागदावर आपण टायरोसिन काढतो तेव्हा एका टोकाला अमाइन आणि दुसऱ्या टोकाला आम्लगट असा साधासुधा रेणू दिसतो. बाटलीतली पांढरी पूड तशी नसते. आम्लगटाने आपला प्रोटॉन अमाइनला देऊन टाकलेला असतो, म्हणून एकाच रेणूवर एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन प्रभार असतो. याला झ्विटर आयन म्हणतात. असे रेणू एकमेकांशेजारी बसले की धनाला ऋण चिकटतं आणि स्फटिक जवळजवळ मिठासारखा घट्ट होतो. पुरावा हवा असेल तर वितळणबिंदू बघ. टायरोसिन ३०० अंशांच्या वर जातं आणि तिथेही वितळण्यापेक्षा जळून विघटितच होतं. याच रेणूतला फक्त अमाइन गट काढून टाकला तर जे आम्ल उरतं ते १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि अल्कोहोलमध्ये निमूट विरघळतं. कडं दोघांतही तेच आहे. फरक आहे तो प्रभारांच्या जोडीचा.

फोडणी आठव. तापलेल्या तेलात हिंग टाकला की वास घरभर होतो, पण मीठ टाकलं तर ते तळाशी तडतडत पडून राहतं. मिठाला पाणी लागतं, कारण पाणी दोन प्रभारांमधली ओढ सुमारे ७८ पटींनी ढिली करतं. इथेनॉल ती २४ पटींनी करतं, अ‍ॅसिटोन २१ पटींनी, ईथर जेमतेम ४ पटींनी. डीएमएसओचा आकडा ४७ च्या घरात आहे, म्हणून तुला आशा वाटली असेल. पण डीएमएसओकडे द्यायला हायड्रोजन नाही. धन टोकाला ते छान धरतं, ऋण टोक मात्र उघडंच राहतं. अमिनो आम्लाला दोन्ही हात धरणारा लागतो.

आता तू विचारशील, मग पाण्यात का जात नाही? तिथेच खरी गंमत आहे. २५ अंशाला १०० मिलिलिटर पाण्यात ग्लायसिन सुमारे २५ ग्रॅम विरघळतं. प्रोलिन तर १०० ग्रॅम पाण्यात १६० ग्रॅमच्या वर जातं, द्रावकापेक्षा द्राव्य जास्त! फिनाइलअ‍ॅलनिन ३ ग्रॅमच्या जरा आत. आणि टायरोसिन? ०.०४५ ग्रॅम. फिनाइलअ‍ॅलनिनला एक ओएच गट जोडला की टायरोसिन होतं. ओएच म्हणजे पाण्याचा सोयरा, तो आला की विरघळणं वाढायला हवं, असं आपण वर्गात शिकवतो. इथे ते साठ पटींनी घटलं. कारण तो ओएच पाण्याशी सोयरीक करायच्या आधी शेजारच्या टायरोसिनशीच करून मोकळा होतो आणि स्फटिक आणखी घट्ट विणला जातो. परीक्षेला बसलेल्या मुलांना हा प्रश्न मी मुद्दाम विचारायची, आणि दरवर्षी निम्मी मुलं पडायची.

म्हणजे तुझ्या २५ अंशांच्या साध्या पाण्यात, कितीही ढवळलंस तरी, एका मिलिलिटरला ०.४५ मिलिग्रॅम जाणार. तुला हवंय त्याच्या बावीसपट. द्रावक बदलून ही दरी भरत नाही. रेणूचा प्रभार बदलावा लागतो. आम्ल घातलंस तर ऋण टोक प्रोटॉन घेतं आणि गप्प होतं, रेणू निव्वळ धन होतो. अल्कली घातलंस तर धन टोक प्रोटॉन सोडतं, रेणू निव्वळ ऋण होतो. मग एकमेकांना चिकटायला कारण उरत नाही. टायरोसिनच्या बाबतीत पीएच ५.७ च्या आसपास विरघळणं सगळ्यांत कमी असतं, आणि ३ ते ८ या पट्ट्यात त्यात फारसा फरक पडत नाही. तुझं डिस्टिल्ड पाणी नेमकं याच पट्ट्यात येतं.

हिशेब करून बघू. आम्लगटाचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी तो प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा, २.२. बावीसपट विरघळवायचं तर द्रावणात मोकळं आम्ल साधारण ०.१३ मोलर उरायला हवं, शिवाय टायरोसिन स्वतः ०.०५ मोलर आम्ल खाणार, कारण १० मिलिग्रॅम म्हणजे ५५ मिलिमोलर. बेरीज ०.१८ च्या पुढे जाते. म्हणून ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात तुझं टायरोसिन विरघळणार नाही आणि तू पुन्हा मला पत्र लिहिशील. १ मोलर घे, जरा कोमट कर, होईल. अल्कलीच्या बाजूला टायरोसिन दोन प्रोटॉन सोडतं, एक अमाइनचा आणि एक त्या ओएचचा, त्यामुळे तिकडे काम स्वस्तात होतं. पीएच १० च्या जरा वर गेलं की पुरे. ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड काठावर पास होतं, ०.२ मोलर निवांत. पण अल्कलीत हवेने टायरोसिनचं ऑक्सिडेशन होतं, द्रावण पिवळट पडत जातं. ज्या प्रयोगात एन्झाइमने टायरोसिनपासून केलेला रंगच तू मोजणार, त्यात हे परवडणारं नाही.

इथवर वाचून तू १ मोलर आम्ल करायला उठली असशील. बस. मी मुद्दाम हे आधी सांगितलं नाही. तुझं एन्झाइम कुठल्या पीएचला चालतं? साडेसहा-सातच्या आसपास. म्हणजे तुझं ते सुंदर, नितळ, १ मोलर आम्लातलं स्टॉक तू फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे पीएच जागेवर धरून ठेवणाऱ्या द्रावणात, ओतणार. थोडं ओतलंस तर ठीक. जास्त ओतलंस तर एकतर बफर कोसळेल आणि एन्झाइम मरेल, किंवा बफर टिकला तर टायरोसिन पुन्हा ०.४५ च्या मर्यादेत येईल आणि उरलेलं खाली बसेल. पीएच ७ च्या पाण्यात ते कुठल्या दाराने आत शिरलं याला महत्त्व नाही. आतली जागा तेवढीच आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीला लागून वर्ष झालं नव्हतं, भोसरीला एका लॅबमध्ये होते. टायरोसिन सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवलं, थेंबाथेंबाने आम्ल घालत पीएच ७ वर आणलं, पाच मिनिटं बघितलं, नितळ. स्वतःवर खूश होऊन लिटरची बाटली फ्रिजमध्ये ठेवली आणि स्वारगेटची बस पकडली. सकाळी बाटलीत रेशमासारख्या पांढऱ्या सुया, एकमेकांत गुंतलेल्या, हलवलं की चमकणाऱ्या. साहेबांनी बाटली खिडकीकडे धरली आणि विचारलं, “हा कापूस कुठून आणलास?” टायरोसिन जरा वेळ फसवतं, मर्यादेच्या वर जाऊनही काही तास द्रावणात तग धरतं, आणि थंडावा मिळाला की सगळं एकदम बाहेर येतं. मोठं नुकसान होतं ते. आज वाटतं, तेवढ्या देखण्या सुया पुन्हा कधी जमल्या नाहीत.

तर तुझ्या प्रयोगाला खरंच किती हवंय? टायरोसिनेजच्या चाचणीत शेवटी १ मिलिमोलरच्या आसपास टायरोसिन असलं की काम भागतं. मग २ मिलिमोलरचं साधं पाण्यातलं द्रावण कर आणि निम्म्यास निम्मं बफर-एन्झाइममध्ये मिसळ. २ मिलिमोलर म्हणजे १०० मिलिलिटरला ३६ मिलिग्रॅम. मर्यादा ४५ ची आहे, तू आत आहेस. आम्ल नको, अल्कली नको, डीएमएसओ तर नकोच, त्याने एन्झाइमची चाल बदलू शकते.

करायचं कसं तेही सांगते, कारण तुझी पूड तरंगते याचा अर्थ ती भिजतच नाहीये. पिठल्याचं बेसन आपण एकदम पाण्यात ओतत नाही, आधी चमचाभर पाण्यात कालवतो. तसंच बीकरमध्ये पुडीवर दोन-तीन मिलिलिटर पाणी घाल, काचेच्या कांडीने पेस्ट कर, गुठळी राहू देऊ नकोस. मग ऐंशीएक मिलिलिटर पाणी घालून स्टररवर ठेव आणि ५०-६० अंशांपर्यंत गरम कर. ५० अंशाला मर्यादा दुपटीहून वर जाते, १०० ला बारापट. नितळ झालं की गार होऊ दे, मग १०० ची खूण गाठ. गरम असताना खूण गाठू नकोस, हे सांगायला लागू नये, पण लागतं. आणि फ्रिजमध्ये ठेवू नकोस! शून्य अंशाला मर्यादा मिलिलिटरला ०.२ मिलिग्रॅमवर येते. लागेल तेवढंच रोज सकाळी ताजं कर.

जाता जाता एक. टायरोसिन दिल्यावर पहिली काही मिनिटं रंग आला नाही तर एन्झाइम मेलं असं समजून बटाटे आणायला पुन्हा मंडईत धावू नकोस. टायरोसिनवर हे एन्झाइम सुरुवातीला रेंगाळतंच. डोपाचा (टायरोसिनपासून हे एन्झाइम जे करतं त्या पदार्थाचा) अगदी कणभर अंश घातला की लवकर जागं होतं.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. टीएलसीच्या (थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पातळ थराच्या पट्टीवर द्रावक चढवून पदार्थ वेगळे करणं) प्रात्यक्षिकात अमिनो आम्लांचे ठिपके गोल येण्याऐवजी धूमकेतूसारखे शेपटीचे येतात. आम्ही सगळी अमिनो आम्लं १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतो, म्हणजे सगळी एकजात विरघळतात. चुकतंय काय? — एक शिक्षक, सिंहगड रस्ता

उत्तर : सर, “सगळी एकजात” हीच चूक आहे. ग्लायसिन, अ‍ॅलनिन, प्रोलिन, ल्युसिन यांना आम्लाची गरजच नाही. टीएलसीला एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम पुरतं, तेवढं ती पाण्यात सहज जातात. पाण्यात दहा टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घाला. अल्कोहोल विरघळवायला नाही, ठिपका लवकर वाळावा आणि बाटलीत बुरशी धरू नये म्हणून. टायरोसिन, सिस्टिन अशा हट्टी मंडळींनाच सौम्य आम्ल द्या, तेही ०.१ मोलर. ठिपक्यात उरलेलं जादा आम्ल वर चढताना आपल्याबरोबर अमिनो आम्लाला फरपटत नेतं, तीच तुमची शेपटी. ठिपका लहान ठेवा आणि प्रत्येक थेंबानंतर हेअर ड्रायरने पूर्ण वाळवा.

विरघळवण्याचं द्रावक आणि पट्टी चालवण्याचं द्रावक ही दोन वेगळी माणसं आहेत. चालवायला ब्युटेनॉल, अ‍ॅसेटिक आम्ल आणि पाणी, ४:१:१, हे जुनंच मिश्रण घ्या. ब्युटेनॉलचा वास मुलांना आवडत नाही आणि तासभर लागतो, पण त्यावर अजून माझा भरवसा आहे. मार्टिन आणि सिंज यांना विभाजन क्रोमॅटोग्राफीसाठी १९५२ चं नोबेल मिळालं ते अमिनो आम्लं वेगळी करण्याच्याच खटाटोपातून, हे मुलांना सांगा, म्हणजे तो तास जरा लवकर सरेल.

अमिनो आम्लांना रंग आणणारं निनहायड्रिन मारल्यावर प्रोलिन पिवळं आणि बाकीची जांभळी दिसतील. पट्टीच्या मधोमध जांभळा अंगठा उमटला तर तो कोणत्या मुलाचा ते शोधा. घामातही अमिनो आम्लं असतात.

प्रश्न : जिममध्ये ट्रेनरने बीसीएए पावडर घ्यायला सांगितली. शेकर कितीही हलवला तरी वर पांढरा थर तरंगतो. माल भेसळीचा आहे का? लिंबू पिळलं तर विरघळेल का? की खायचा सोडा टाकू? — वय २३, धनकवडी

उत्तर : अरे, यावरून भेसळ म्हणता येणार नाही. उलट ल्युसिन अस्सल असेल तर तरंगणारच. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. ही तिन्ही अमिनो आम्लंच, फक्त त्यांच्या अंगावर तेलकट शेपूट असते, आणि त्यात ल्युसिन सगळ्यांत जास्त भरलेलं असतं. त्याच्या पातळ चकत्या पाण्यावर ओल्या न होता बसून राहतात. काही कंपन्या त्यावर लेसिथिनचा (तेलकटाला पाण्याशी जुळवणाऱ्या द्रव्याचा) हात फिरवतात, मग पूड पटकन भिजते. तुझ्या डब्यावर लेसिथिन लिहिलंय का बघ.

लिंबू आणि सोडा दोन्ही व्यर्थ. ल्युसिनची मर्यादा साधारण पीएच ३ ते ९ मध्ये जवळजवळ सपाट असते, आणि ग्लासभर पाण्यात लिंबू पिळून तू त्या पट्ट्याबाहेर पडत नाहीस. कोमट पाण्यानेही फार साधत नाही, २५ अंशाला १०० मिलिलिटरमध्ये २.४ ग्रॅम, ५० अंशाला २.९. पाणी वाढव. २०० ऐवजी ५०० मिलिलिटर घे, आधी थोड्या पाण्यात कालव, मग बाकीचं ओत. वरच्या उत्तरातलं पिठलं वाच. पावडर घ्यावी की नाही हे तू विचारलं नाहीस, म्हणून मी सांगत नाही.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना दोनदा मूतखडा झाला, तपासणीत तो सिस्टिनचा निघाला. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर लघवी होईल इतकं पाणी आणि पोटॅशियम सायट्रेटचं औषध दिलंय. ते म्हणाले, याने लघवी अल्कलीकडे झुकेल. पण सायट्रेट तर लिंबातलं, म्हणजे आंबट. आंबटाने अल्कली कसं होईल? — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ताई, प्रश्न उत्तम आहे, आणि कोथरूडच्या मुलीचा आणि तुमचा प्रश्न मुळात एकच आहे. सिस्टिनही अमिनो आम्लच, आणि टायरोसिनपेक्षाही हट्टी. लिटरभर साध्या पाण्यात ते जेमतेम ग्रॅमचा नववा भाग विरघळतं. १८१० मध्ये वॉलस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाला ते पहिल्यांदा सापडलं तेही मूतखड्यातच. मूत्राशयाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं.

लॅबमध्ये सिस्टिन विरघळवायला आम्ही सरळ आम्ल नाहीतर अल्कली ओततो. शरीरात ती सोय नाही. लघवीचा पीएच फार तर सात-साडेसातपर्यंत नेता येतो, पण सिस्टिनचं विरघळणं नेमकं तिथूनच वाढायला लागतं, म्हणून तेवढी ढकलही कामाची. आंबटाचं कोडं असं: सायट्रेट जिभेला लिंबाची आठवण करून देतं, पण पोटॅशियम सायट्रेट हे क्षार आहे. शरीर त्यातलं सायट्रेट जाळून टाकतं आणि मागे बायकार्बोनेट उरतं. ते लघवीत उतरतं आणि तिला अल्कली करतं. नुसत्या लिंबाच्या रसात बहुतेक सायट्रिक आम्लच असतं, ते जळलं की मागे फारसं काही उरत नाही. म्हणून औषधाच्या जागी सरबत चालणार नाही. आणि “अल्कली चांगलं तर जास्त अल्कली अधिक चांगलं” असं करून मात्रा स्वतःहून वाढवू नका, पीएच फार चढला तर दुसऱ्याच जातीचे, कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. मात्रा डॉक्टरच ठरवतील.

पाणी दिवसभर सारखं वाटून प्यायला सांगा. लघवी सगळ्यांत दाट होते ती रात्री, आणि खडा वाढतो तोही तेव्हाच. झोपताना एक भांडं, आणि मध्ये उठावं लागलं की परत पलंगावर पडायच्या आधी आणखी एक. तांब्या उशाशीच भरून ठेवा.